मालाचे नाव आणि मालाचा मुक्काम
निर्यात-तपास अधिकारी काय पाहतो? व्यापारी व कारागीर बांधवांसाठी एक पाठ

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतून रोज भरलेले ट्रक चिल्हार फाट्याकडे निघतात. रंग, औषधांचा कच्चा माल, पोलाद, कापड, यंत्रांचे सुटे भाग असा तो माल असतो. त्यातला बराचसा न्हावा शेव्याच्या बंदरातून परदेशी जातो. या साखळीत आपल्या समाजाची माणसे ठिकठिकाणी आहेत. कोणी ड्रम आणि बारदान पुरवतो, कोणी फॅब्रिकेशनची शेड चालवतो, कोणी बंद पडलेल्या कारखान्याची जुनी यंत्रे विकत घेतो, कोणाचा टेम्पो आहे, तर कोणी आखातातल्या नातेवाइकाच्या ओळखीने स्वतः माल पाठवतो.

निर्यात म्हटली की आपण भाव, डॉलर आणि बँक यांचा विचार करतो. सरकार मात्र आणखी दोन प्रश्न विचारते. हा माल खरोखर काय आहे? आणि तो शेवटी कोणाच्या हातात जाणार आहे? हे दोन प्रश्न विचारणे हेच ज्याचे काम आहे, त्या तपास अधिकाऱ्याच्या नजरेने आपला धंदा एकदा पाहावा, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

तारापूरला बसलेला चटका

निर्यात-नियंत्रण म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपल्याला लांब जायला नको. तारापूरचे अणुवीज केंद्र हेच त्याचे मोठे उदाहरण आहे. ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. त्यानुसार अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन अणुभट्ट्या उभारून दिल्या आणि त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे ठरले. ऑक्टोबर १९६९ पासून केंद्राची वीज व्यापारी तत्त्वावर सुरू झाली.

मे १९७४ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचणी केली. ज्या वस्तूपासून वीज होते तिच्यापासून बॉम्बही होऊ शकतो, हा मुद्दा त्यानंतर जगभर ऐरणीवर आला. अणुसाहित्य विकणाऱ्या देशांनी १९७५ मध्ये आपला गट स्थापन केला. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा केला की, जो देश आपली सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली करणार नाही, त्याला इंधन मिळणार नाही. तारापूरचे इंधन अडकले. सप्टेंबर १९८० मध्ये ३८ टन इंधनाचा प्रश्न अमेरिकन सिनेटमध्ये मताला गेला, तेव्हा ४८ विरुद्ध ४६ अशा जेमतेम दोन मतांच्या फरकाने तो सुटला. पुढे १९८२ मध्ये इंधनपुरवठ्याची जबाबदारी फ्रान्सने घेतली. अणुव्यापाराची बंद दारे भारतासाठी उघडली ती थेट सप्टेंबर २००८ मध्ये, पुरवठादार गटाने सवलत दिल्यावर.

त्या काळात भारत खरेदीदार होता आणि "हा माल तुम्ही कशासाठी वापरणार?" हा प्रश्न आपल्याला विचारला जात होता. आज भारत रसायने, औषधे आणि यंत्रे विकणारा मोठा देश आहे. तोच प्रश्न आता आपल्या सरकारला परदेशी गिऱ्हाइकांना विचारावा लागतो, आणि सरकारच्या वतीने तो आधी आपल्यालाच, म्हणजे विकणाऱ्याला, विचारला जातो.

यादी कोणती, माल कोणता?

दुहेरी वापराच्या मालाची, म्हणजे ज्याचा उपयोग कारखान्यातही होतो आणि शस्त्रातही होऊ शकतो अशा मालाची, भारताची एक यादी आहे. तिला 'स्कोमेट' यादी म्हणतात. विशेष रसायने, जीवजंतू, साहित्य, यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञान असा तिचा विस्तार आहे. ही यादी विदेश व्यापार महासंचालनालय प्रसिद्ध करते व बहुतेक परवानेही तेच देते. अणुविषयक मालासाठी अणुऊर्जा विभागाकडे आणि लष्करी मालासाठी संरक्षण मंत्रालयाच्या विभागाकडे जावे लागते. तिच्यामागे सीमाशुल्क कायदा १९६२, विदेशी व्यापार कायदा १९९२, रासायनिक शस्त्रास्त्र करार कायदा २००० आणि सर्वसंहारक शस्त्रांसंबंधीचा २००५ चा कायदा असे चार कायदे उभे आहेत. शेवटच्या कायद्यातील सर्वांत गंभीर गुन्ह्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

हे सारे मोठ्या कंपन्यांसाठी आहे, असे समजून पान उलटू नये. थायोनिल क्लोराईड आणि फॉस्फरस ऑक्सिक्लोराईड ही औषध व रंग उद्योगात लागणारी रसायने आहेत. ट्रायइथेनॉलअमाईन सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. थायोडायग्लायकॉल शाईत आणि कापडछपाईत विद्रावक म्हणून चालते. ही चारही नावे रासायनिक शस्त्रबंदीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. त्यांची निर्यात सरसकट बंद नाही. कोणते रसायन, कोणत्या देशाला, यावर परवाना, वापराचे प्रमाणपत्र किंवा सूचना यांचे नियम बदलतात.

यंत्रांचेही तसेच आहे. आतून काचेचा लेप असलेला ग्लास लाईन्ड रिॲक्टर, किंवा टायटॅनियम अथवा निकेलच्या मिश्रधातूचे भांडे, पंप, व्हॉल्व्ह यांपैकी ठरावीक मापाचे प्रकार नियंत्रणाखाली येतात. बंद कारखान्यातून भंगाराच्या भावात घेतलेला रिॲक्टर पॉलिश करून परदेशी विकणाऱ्या बांधवाने हे लक्षात ठेवले पाहिजे. यंत्र जुने झाले म्हणून ते यादीतून बाहेर पडत नाही.

याखेरीज अमली पदार्थांचा स्वतंत्र कायदा आहे. इफेड्रिन किंवा ॲसिटिक ॲनहायड्राईड यांसारख्या पदार्थांच्या निर्यातीसाठी ग्वाल्हेर येथील नार्कोटिक्स कमिशनरांचे ना-हरकत पत्र लागते. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका कारखान्यातून सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन पकडले, तेव्हा या पदार्थाचे नाव घरोघरी पोचले.

तपास अधिकारी म्हणजे कोण?

आपल्याकडे या कामाची मुख्य यंत्रणा म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालय, ज्याला सगळे 'डीआरआय' म्हणतात. डिसेंबर १९५७ मध्ये त्याची स्थापना झाली. बंदरावरील कस्टम्स अधिकारी त्याच साखळीतले. या खात्यात वरच्या जागा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरल्या जातात. प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर, एक्झामिनर या निरीक्षकांच्या जागांसाठी स्टाफ सिलेक्शन कमिशनची पदवीधर परीक्षा असते. पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांतून रसायनशास्त्र किंवा वाणिज्य शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी या परीक्षांकडे गंभीरपणे पाहावे. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे. हे बंदर उभे राहिले की कस्टम्सचे काम आपल्या जिल्ह्याच्या दारात येईल.

आपल्या इतिहासालाही हे काम अनोळखी नाही. इस्लामी शहरांच्या बाजारात 'मुहतसिब' नावाचा अधिकारी असे. वजने-मापे, भेसळ, फसवणूक यांवर त्याची नजर असे. प्रामाणिक दुकानदाराला त्याचा धाक वाटत नसे, कारण लबाड शेजाऱ्यापासून तोच त्याचे रक्षण करी.

तपास कसा चालतो?

सिनेमात दाखवतात तसा पाठलाग या कामात क्वचितच असतो. बहुतेक तपास टेबलावर बसून होतो. अधिकारी एकाच मालाचे सात-आठ कागद शेजारी-शेजारी मांडतो: खरेदीचे बिल, विक्रीचे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, जहाजाचे बिल ऑफ लेडिंग, ट्रकची पावती, बँकेत आलेले पैसे आणि मोबाईलवरील निरोप. सगळे कागद एकच गोष्ट सांगतात का, हे तो पाहतो.

वजनाचेच उदाहरण घ्या. कागदावर दोनशे लिटरचे ऐंशी ड्रम 'रंगाचे विद्रावक' म्हणून दाखवले आहेत. प्रत्येक द्रवाचे लिटरमागे ठरावीक वजन असते. कंटेनरचे वजन त्या हिशेबात बसत नसेल तर ड्रम उघडून नमुना प्रयोगशाळेत जातो. किंवा माल एका देशाला, पैसे दुसऱ्या देशातून आणि बिल तिसऱ्याच कंपनीच्या नावे असेल, तर अधिकारी विचारतो की खरा गिऱ्हाईक यांतला कोण. रसायन मागवणाऱ्याचा पत्ता एखाद्या मालवाहतूक एजंटाचा निघतो. यंत्र घेणारा ते बसवून देऊ नका म्हणतो. गिऱ्हाइकाला मालाची काहीच माहिती नसते, पण भावात घासाघीस न करता तो आगाऊ रक्कम देतो. ड्रमवरची लेबले काढून टाका, असा निरोप येतो. अशा खुणा जगभरच्या तपास अधिकाऱ्यांना पाठ असतात. त्या आपल्यालाही पाठ असाव्यात.

एका रसायनाची गोष्ट

वर थायोडायग्लायकॉलचे नाव आले. छपाईच्या शाईत लागणारे हेच रसायन मस्टर्ड गॅस या विषारी वायूचाही कच्चा माल आहे. इराण-इराक युद्धाच्या काळात दोन्ही बाजू त्याच्या शोधात होत्या. १९८८ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या एका कंपनीचा माल कागदोपत्री भलत्याच देशासाठी दाखवून इराणकडे चालला असल्याचा सुगावा तेथील कस्टम्सच्या तपास अधिकाऱ्यांना लागला. त्यांनी ड्रममधले रसायन काढून त्यात पाणी भरले आणि ड्रम पुढे जाऊ दिले, म्हणजे माल कोठे पोचतो ते कळावे. पुढच्या वर्षी कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला.

त्याच तपासात इराककडे जाणारी दुसरी वाट उघड झाली. फ्रान्स व्हॅन ॲनराट हा डच व्यापारी हे रसायन वेगवेगळ्या देशांतून घेऊन इराकला पाठवत होता. त्याचा स्वतःचा कारखाना नव्हता. तो फक्त दलाली करत होता. हजाराहून अधिक टन माल त्याने पुरवला. १६ मार्च १९८८ रोजी सद्दाम हुसेनच्या फौजांनी हलबजा या कुर्दी गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले. सुमारे पाच हजार माणसे मेली, त्यांत बायका-मुले मोठ्या संख्येने होती. मरणारे सारे आपले दीनी भाऊबंद होते. सतरा वर्षांनी, डिसेंबर २००५ मध्ये, हेगच्या न्यायालयाने त्या व्यापाऱ्याला युद्धगुन्ह्यांत साहाय्य केल्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा दिली. अपिलात ती आणखी वाढली. माल कशासाठी लागतो हे आपल्याला माहीत नव्हते, हा त्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही.

पालघरचा माल, घानाची मुले

ही गोष्ट दूरची वाटत असेल तर फेब्रुवारी २०२५ मधील आपल्याच जिल्ह्याचे प्रकरण आठवा. पालघरमध्ये कारखाना असलेल्या मुंबईच्या एका औषध कंपनीच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकल्या जात असल्याचे बीबीसीच्या शोधपत्रकारांनी दाखवले. टॅपेंटाडॉल हे तीव्र वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे औषध यांचे ते मिश्रण होते. दोन्ही औषधांना वेगवेगळी परवानगी होती. मिश्रणाला भारतात विक्रीची परवानगी नव्हती. अमली पदार्थांच्या यादीतही त्या वेळी ती नव्हती. केंद्र आणि राज्याच्या औषध अधिकाऱ्यांनी २१ व २२ फेब्रुवारीला तपासणी केली, सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या-कॅप्सूल जप्त केल्या आणि उत्पादन थांबवण्याचा हुकूम दिला. या मिश्रणाची निर्यात-परवानगी देशभर मागे घेण्यात आली.

घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर या गोळ्या सापडल्या. उत्तर घानातील टमाले शहरात बहुसंख्य वस्ती मुस्लिमांची आहे. तेथील तरुण या नशेला इतके लागले की शहरातील एका प्रमुखाला सुमारे शंभर स्वयंसेवकांचे पथक उभारून गोळ्या पकडाव्या लागल्या. छुप्या कॅमेऱ्यासमोर कंपनीच्या संचालकाने हा माल घातक असल्याचे मान्य केले, आणि वर हा धंदा आहे असेही सांगितले.

वाचक बंधूंनी इथे थोडे थांबावे. ती गोळी कारखान्याच्या मालकाने एकट्याने घानाला पोचवली नाही. खोकी छापणारा, पट्टी पॅक करणारा, टेम्पोवाला, क्लिअरिंग एजंट, निर्यातदार अशा अनेक हातांतून ती गेली. यांतील बहुतेकांना काही माहीत नसेल. पण ज्याला माहीत होते किंवा ज्याला शंका यायला हवी होती, त्याची जबाबदारी कायद्यापुढे आणि अल्लाहपुढे वेगळी ठरते. तसेच, यादीत नाव नाही म्हणजे माल निर्धोक, असे समजण्याची सोय राहत नाही, हाही या प्रकरणाचा धडा आहे.

आपले नाव उसने देऊ नका

आपल्या भागात एक सवय आढळते. एखाद्याकडे निर्यातीचा आयईसी क्रमांक असतो. हा क्रमांक म्हणजे आता धंद्याचा पॅन क्रमांकच असतो. ओळखीचा कोणी येतो आणि म्हणतो, "भाई, एकच कंटेनर आहे, तुमच्या नावावर जाऊ द्या, दोन टक्के घ्या." माल न पाहता सही होते. पुढे तो माल पकडला गेला की पहिला समन्स ज्याचे नाव कागदावर आहे त्याला येतो. निर्यातीस मनाई असलेल्या मालासाठी किमतीच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाणूनबुजून खोटे कागद दिल्यास तो पाच पटींपर्यंत जातो आणि गंभीर प्रकरणात सात वर्षांपर्यंत कैद आहे. "माझे फक्त नाव वापरले" हे सांगून सुटका होणे कठीण. नाव ही अमानत आहे; दोन टक्क्यांसाठी ती गहाण टाकू नये.

आखातातून पुढे जाणाऱ्या मालाबाबतही सावध राहावे. संयुक्त राष्ट्रांनी घातलेले निर्बंध भारत सरकार आपल्या हुकुमांनी लागू करते. अमेरिकेचे निर्बंध हा भारताचा कायदा नाही, पण ते मोडल्याचा आरोप आला तर डॉलरचा व्यवहार अडतो आणि बँका हात आखडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाला दुहेरी वापराचा माल पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेने भारतातील अनेक कंपन्यांना आपल्या निर्बंध यादीत घातले.

समन्स आला तर

"आपले नाव पाहूनच संशय घेतात," अशी तक्रार समाजात ऐकू येते. अशा वेळी घाबरून पळणे किंवा ओळख शोधत फिरणे, दोन्ही नुकसानीचे. पुढील गोष्टी माहीत असू द्याव्यात.

१) समन्स लेखी असतो. या खात्याच्या पत्रांवर २०१९ पासून एक ओळख क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. फोनवर किंवा व्हिडिओवर 'अटक' करून पैसे मागणारा हा ठग समजावा. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट कायद्यात नाही.

२) सीमाशुल्क कायद्याच्या कलम १०८ खालील समन्सला हजर राहणे आणि खरे सांगणे बंधनकारक आहे. कस्टम्स अधिकारी हा कायद्याने पोलीस नव्हे. म्हणून त्याच्यापुढे दिलेला जबाब न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकतो. सही करण्यापूर्वी जबाब पूर्ण वाचावा, आणि भाषा समजत नसेल तर समजावून मागावा. जबरदस्ती झाली असेल तर वकिलामार्फत लगेच लेखी कळवावे. महिन्यांनी सांगून उपयोग होत नाही.

३) अटक करायची तर अधिकाऱ्याला त्याची कारणे नोंदवावी लागतात व अटकेचा आधार सांगावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ च्या राधिका अग्रवाल प्रकरणातील निकालात हे स्पष्ट केले आहे. अटक झालेल्याला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटता येते, मात्र पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही.

४) जप्तीच्या वेळी पंचनामा होतो, त्याची प्रत मागून घ्यावी. जप्तीनंतर सहा महिन्यांत, किंवा वाढवून दिलेल्या आणखी सहा महिन्यांत, नोटीस न आल्यास माल परत मिळण्याचा हक्क आहे. त्याआधी हमी देऊन माल तात्पुरता सोडवण्यासाठीही अर्ज करता येतो.

दुकानाच्या वहीत लिहून ठेवावे असे

मालाचे नाव शास्त्रीय नावासह लिहा. 'केमिकल' किंवा 'मशिनरी' एवढेच लिहू नका. नवे रसायन किंवा यंत्र पाठवण्यापूर्वी स्कोमेट यादी आपल्या कस्टम्स एजंटाकडून तपासून घ्या आणि त्याचे उत्तर लेखी मागा. गिऱ्हाईक हा माल कशासाठी घेतो, हे त्याच्याकडून पत्रावर घ्या. पैसे देणारा, माल घेणारा आणि वापरणारा वेगवेगळे असतील तर कारण विचारा. सर्व कागद किमान पाच वर्षे जपून ठेवा. शंका मिटली नाही तर सौदा सोडून द्या.

शेवटचा मुद्दा दीनचा आहे. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगापाशी थांबले. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणुकीबद्दल कठोर शब्दांत बजावले. मापात मारणाऱ्यांवर तर पवित्र कुरआनात एक संपूर्ण अध्याय त्यांच्याच नावाने आहे. तपास अधिकारी ड्रम उघडून नमुना घेतो तेव्हा तो ढिगात हात घालण्याचेच काम करत असतो. ज्याचा माल वर आणि आत एकच आहे, त्याच्या रोजीत बरकत राहते आणि त्याला दार वाजल्यावर दचकावे लागत नाही.